माझ्या सुतकात फोडणी पडावी

मी, सौ. वैजयंती रामनाथ औटी, वय त्रेसष्ट, काम घरकाम, राहणार खोडद, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शरीराने मी संपत आले आहे. डोकं जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला घरात आम्ही दोघंच, आणि त्यातल्या दुसऱ्याला मी कोण ते माहीत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. जुन्नरच्या वकिलांनी याचा दुसरा खर्डा तपासून बऱ्याच ओळींसमोर 'अनावश्यक' असं लिहिलं होतं. त्या ओळी मी तशाच ठेवल्या आहेत. मी गेल्यावर या घरात काय करायचं ते त्याच ओळींत आहे.

कलम १. खोडद येथील राहतं घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या पतीच्या, श्री. रामनाथ चिमाजी औटी यांच्या पगारातून झालं. ते इथल्या रेडिओ दुर्बिणीवर मेकॅनिक होते. अँटेना फिरवणाऱ्या मोटारी आणि गिअर त्यांच्याकडे असत. घर माझ्या नावावर करताना ते म्हणाले होते, "मी दिवसभर आभाळाकडं तोंड करून, जमिनीचं तू बघ." हे घर माझ्यामागे माझा मुलगा चि. मोहित यास मिळावं. मात्र ह्यांचा या घरात तहहयात राहण्याचा हक्क आहे आणि ह्यांच्या हयातीत घर विकू नये, भाड्याने देऊ नये, स्वयंपाकघराची मोडतोड करू नये. ओट्याची उंची, मसाल्याच्या डब्यांची जागा, मागच्या दाराशी असलेली लोखंडी कढईची खुंटी, सगळं आहे तसं राहावं. घरात मायक्रोवेव्ह आणू नये. दुर्बिणीला त्याचा त्रास होतो असं ह्यांनी आम्हाला इतकी वर्षं बजावलं, आणि बाकी सगळं विसरले तरी ते अजून विसरलेले नाहीत. घरात नवीन खोकं आलं की विचारतात, "त्यातलं नाही ना?"

पहिल्या खर्ड्यात मी या कलमाला एक अट जोडली होती. मोहितने वडिलांना पुण्याच्या केअर सेंटरमध्ये ठेवलं तर घर त्याला मिळू नये, अशी. ती अट मी काढून टाकली आहे. का काढली ते पुढे येईल.

कलम २. बँकेतली ठेव ह्यांच्या औषधपाण्यासाठी आणि सांभाळणाऱ्या बाईच्या पगारासाठी वापरावी. उरेल ते मोहितचं. माझं सोनं सून सौ. श्रेया हिला द्यावं. ती ते वापरणार नाही, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवील, हे मला माहीत आहे. ठुशी तेवढी मोडू नये. ती माझ्या आईने खडकीच्या घरातून निघताना माझ्या गळ्यात घातली होती.

शेजारच्या साळुबाई दिवसा ह्यांच्याजवळ बसतात. त्यांना माझी शिलाई मशीन, मिक्सर आणि माझ्या सगळ्या सुती साड्या द्याव्यात. ह्यांनी एकदा चिडून त्यांच्या अंगावर पाण्याचा तांब्या फेकला होता. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि म्हणाल्या, "भाऊंनी तांब्या फेकला, मी भांडं लपिवलं. आज पेल्यातनं पाजते, पेला हलका असतो."

कलम ३. माझे दीर श्री. दादाभाऊ औटी, राहणार राजुरी, यांना आत्याबाईंचं मोठं पितळी पातेलं द्यावं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा ते पातेलं माझ्याकडे आलं, यावरून भाऊजी आणि त्यांची बायको प्रतिभा अजून धुसफुसत असतात. आता घेऊन जावं. माझ्या दहाव्याला येणाऱ्या माणसांचं जेवण त्यांना त्यात करता येईल, फक्त ते राजुरीला, त्यांच्या दारात करावं. दशक्रियेला माझ्याविषयी भाषणं नकोत. मला कधी न पाहिलेल्या माणसांनी माईक हातात घेऊन मी किती मनमिळाऊ होते ते सांगायचं आणि पुढच्या निवडणुकीला लक्षात राहायचं, हे आमच्या तालुक्यात फार झालं.

भाऊजींशी माझं खरं भांडण पातेल्याचं नाही. ते कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. आता जे मला खरोखर द्यायचं आहे त्याविषयी.

ओट्याखालच्या उजव्या कप्प्यात दोन फाइली आहेत. त्यात मी केलेल्या स्वयंपाकाच्या नोंदी आहेत. हे कागद बहुतेक दुर्बिणीवरच्या रद्दीतले. ह्यांनी आणून दिलेले. एका बाजूला आभाळातले आकडे छापलेले, दुसऱ्या बाजूला माझी आमटी.

मी खडकीच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकले. वडील तिथल्या कारखान्यात कारकून होते. शाळेत गृहविज्ञान शिकवायला सिस्टर बर्नडेट होत्या. पदार्थ झाला, सगळ्यांनी खाल्ला, की त्या पातेली घासू देत नसत. आधी लिहायचं. काय घातलं, किती घातलं, ते कृतीत असतंच, ते नाही. आज कसं झालं, कोणी किती खाल्लं, कोणी ताटात टाकलं, पुढच्या वेळी काय बदलायचं, ते लिहायचं. आम्ही कुरकुर करायचो. त्या म्हणायच्या, "पातेलं घासलं की सगळे पदार्थ चांगलेच झाले होते असं वाटतं. म्हणून खरकट्या हाताने लिहा." माझ्या कागदांवर तेलाचे डाग आहेत ते त्यामुळे. ते डाग म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. कोणी फाइली स्वच्छ लिहून काढायच्या भानगडीत पडू नये. स्वच्छ लिहिताना माणूस आधी शेरे गाळतो.

लग्न होऊन आले तेव्हा मला शेंगोळी, म्हणजे हुलग्याच्या पिठाची वळून रस्स्यात शिजवतात ती, माहीतच नव्हती. ह्यांना मात्र ताप असो, आनंद असो, शेंगोळी लागायची. आत्याबाई सगळं मुठीने करायच्या. मी त्यांच्या मुठीखाली ताटली धरली आणि पडलेलं मीठ चमच्याने मोजलं. त्या ओरडल्या, "माझी मूठ काय काट्यावर घालतीस व्हय गं? आन हे लिव्हतीस काय? भाजी खायाची का वाचायची?" अंगणात बसलेल्या बाया हसल्या. पुढे कितीतरी वर्षं मी भावकीत 'वाचून रांधणारी' होते. प्रतिभा पाहुण्यांना सांगायची, "बाईसाहेब कागद बघून फोडणी देत्यात. लाईट गेली की उपास."

मी लिहीत राहिले. शेंगोळीचे बारा-तेरा कागद आहेत. पहिल्यावर लिहिलं आहे, 'पीठ सैल. रस्स्यात विरघळली. आत्याबाईंनी ताट सरकवलं. हे गप्प बसून जेवले.' मग, 'बोटाएवढी जाड वळली, आतून कच्ची. पेन्सिलीएवढी वळावी.' मग, 'लसूण करपला. कडा तांबूस होताच पाणी घालावं, पुढे थांबू नये.' आणि एकावर, 'ह्यांनी दोनदा घेतली. आज जमलंय म्हणाले. हीच धरावी.' ह्यांच्याकडून कौतुक म्हणून इतकंच मिळायचं. आज जमलंय.

आत्याबाईंचं वय झालं तसा त्यांच्या हातून मिठाचा अंदाज जायला लागला. एकदा आमटीत दोनदा घातलं, एकदा घातलंच नाही. त्या मासवडी करायला बसल्या, ओलं कापड पसरलं, बेसन हाटून तयार होतं, आणि सारणाच्या ताटाकडे बघत हात तसाच ठेवून बसल्या. मला म्हणाल्या, "वैजू, तुझ्या कागदात बघ ना. मी किती घालायची?" मी फाइल काढली आणि त्यांचीच मूठ त्यांना वाचून दाखवली. त्या दिवशीचा शेराही फाइलीत आहे. 'मासवडी आत्याबाईंची. उत्तम. रडल्या.'

कलम ५. सुतकाविषयी.

आमच्यात माणूस गेलं की दहाव्यापर्यंत घरात फोडणी पडत नाही. पहिल्या दिवशी शेजारपाजारची, सोयऱ्यांची माणसं कडू घास घेऊन येतात, पुढे रोजचे डबेही तेच देतात. ज्यांनी ही रीत घातली त्यांनी चांगल्या मनाने घातली असेल. रडत्या बाईला ओट्याशी उभं करू नये म्हणून.

आत्याबाई गेल्या तेव्हा ह्यांचा आजार सुरू झालेला होता. आपली आई गेली हे त्यांना सकाळी कळायचं आणि दुपारी विसरायचं. माणसं ओळखू येत नव्हती. पण ताटात काय आहे आणि ते कोणाचं आहे ते जिभेला कळत होतं. डबे येत होते, चांगले होते, लोकांनी मायेने केलेले होते. हे पहिला घास तोंडात घ्यायचे आणि बाहेर काढायचे. मग तोंडच उघडेनात. मी भरवलं, साळुबाईंनी भरवलं, भाऊजींनी दरडावलं. दात आवळून बसले. लहान मुलासारखे नव्हे. लहान मूल भूक लागली की खातं. शेवटी नारायणगावला दवाखान्यात नेऊन सलाईन लावावी लागली. सुई टोचताना ते मला म्हणाले, "ताई, वैजूला बोलवा. मला भूक लागलीय."

मी त्यांच्यासमोर उभी होते.

त्या दिवसापासून ते मला ताई म्हणतात. विचारतात, "ताई, वैजू कुठंय?" मी सांगते, "स्वयंपाकघरात आहे. येते." आणि मी आत जाते आणि ताट घेऊन येते. ताटातला पहिला घास घेतला की त्यांचा चेहरा सैल होतो. वैजू आली असं त्यांना तेव्हा वाटतं.

दवाखान्यातून घरी आणलं त्या संध्याकाळी मी दार लोटून शेंगोळी केली. लसणाचा वास अंगणात गेला. भाऊजी दहाव्याची यादी करायला आले होते. ते दारातून म्हणाले, "वहिनी, आईची राख थंड झाली न्हाई आन फोडणीचा वास? पावणं काय म्हणतील?"

मी म्हटलं, "भाऊजी, आत्याबाई गेल्या. हे अजून आहेत."

"दादानं दोन दिस न्हाई खाल्लं तर काय व्हतंय? आईसाठी येवढं तरी करा."

हे आत बसून वाटी पुसून खात होते. भाऊजींनी ते पाहिलं. तरी दहाव्याच्या घाटावर त्यांनी ती गोष्ट चारचौघांत काढली, आणि प्रतिभा म्हणाली की शहरातून आणलेल्या बाईला सुतक काय कळणार. ते वाक्य मी विसरलेले नाही. देव मला विसरायला लावील तर तो त्याचा प्रश्न.

म्हणून लिहून ठेवते. मी मरेन त्याच दिवशी, माझ्या घरात, माझ्या ओट्यावर फोडणी पडावी. भावकीने त्याला हरकत घेऊ नये. ते पाप असेल तर माझ्या नावावर टाकावं. त्या नावावर तेव्हा दुसरं काही उरलेलं नसेल.

कलम ६. फोडणी कोणी द्यायची, हा प्रश्न होता.

दीड वर्षापूर्वी माझी कॅन्सरची इंजेक्शनं सुरू झाली आणि माझ्या तोंडाची चव गेली. मीठ, साखर, कडू, सगळं ओल्या कागदासारखं लागतं. डॉक्टर म्हणाले, काहींची परत येते. माझी आली नाही. हे मी आजपर्यंत घरात कोणाला सांगितलेलं नाही. मी फाइल उघडून ओट्यावर ठेवली, चष्मा लावला, चमचा घेतला, आणि लिहिलं आहे तसं करत गेले. हात माझा होता, जीभ तीस वर्षांपूर्वीची. ह्यांनी एकदाही ताट दूर सारलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे कागद काय आहेत.

तरी मला वाटायचं, हाताचं काहीतरी असेल. म्हणून दिवाळीत मी तपासून पाहिलं.

श्रेयाला शेंगोळी करायला सांगितली. ती सुगरण आहे. तिच्या हाताला चव आहे, हाच अडथळा झाला. ह्यांनी घास बाहेर काढला. ती रडवेली झाली. "आई, मी तर तुमचं बघूनच केलं." मी विचारलं, "आणि काय घातलंस?" "ओवा, थोडासा. त्यांच्या पोटाला बरा म्हणून. आणि किंचित गूळ." पोरी, हे वाचशील तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. जिला येतं ती बदल करणारच. मीही ऐन पंचविशीत बदलच करत होते.

मोहित पुण्याच्या केअर सेंटरचं आधीपासून बोलत होता, त्या दिवशी त्याचं माहितीपत्रकच घेऊन आला होता. मला म्हणाला, "आई, प्रॅक्टिकल हो. तुझ्यानंतर आप्पांचं बघणार कोण? तिथे चोवीस तास नर्स असतात."

"नर्स हुलग्याचं पीठ मळते का?"

"तू आता कॉमेडी करू नकोस."

मी शेंगोळीचा शेवटचा कागद त्याच्या हातात दिला. त्याने आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता. चाकणला कंपनीत तो मालाची तपासणी करतो. कागद दोनदा वाचून म्हणाला, "हे तर आमच्या लाइनवर तपासणीचा तक्ता लावतात तसं आहे गं. कुठे काय बिघडलं, ते पण लिहिलंय." मग बाह्या वर करून उभा राहिला. पीठ काट्यावर मोजलं. शेंगोळी पेन्सिलीएवढी हवी म्हणून खरंच पेन्सिल आणून शेजारी ठेवली. मी खुर्चीत बसले होते. त्याला काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. लसणाच्या कडा तांबूस झाल्या आणि त्याने पाणी ओतलं.

ह्यांच्यासमोर ताट मीच ठेवलं. मोहित दाराआड उभा राहिला. ह्यांनी घास घेतला. चावला. दुसरा घेतला. वाटी पुसली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, वैजूला सांगा, आज जमलंय."

मोहित मागच्या अंगणात गेला तो बराच वेळ आला नाही. ते माहितीपत्रक मग मला बंबाजवळच्या जळणात दिसलं. मी कलम १ मधली अट त्या दिवशी खोडली.

मला आनंद झाला, असं मी इथे लिहिते. हेच मला हवं होतं. माझ्याशिवाय त्यांना माझ्या हातचं मिळालं, आणि मी समोर असून त्यांना मी लागले नाही. वकिलांनी या वाक्यासमोर काहीच लिहिलेलं नाही.

कलम ७. सबब, दोन्ही फाइली आणि स्वयंपाकघरातली सगळी भांडी मी चि. मोहित यास देते. श्रेयाला नव्हे, तिला त्यांची गरज नाही. भाऊजी त्याला म्हणतील, "बाप्या मानसानं चुलीपुढं बसावं व्हय?" त्याने म्हणू द्यावं आणि पीठ मोजावं. चाकणची नोकरी सोडू नये, इथून जाऊन-येऊन करावी. एकदा करून ठेवलेला काळा मसाला आणि लसणाचं वाटण फ्रीजमध्ये टिकतं, त्याचेही शेरे आहेत. साळुबाईंना भाकरी छान येते. भाकरीत ह्यांना फरक कळत नाही. तेही तपासलं आहे.

मला अग्नी मोहित देईल. अग्नी देणाऱ्यावर बंधनं जास्त असतात, हे मला माहीत आहे. घाटावरून आल्यावर त्याने आंघोळ करावी आणि दारात बसलेल्या माणसांत बसू नये. सरळ स्वयंपाकघरात यावं. शेंगोळीच करावी. त्या दिवशी त्याला मोजायला सुचणार नाही. म्हणून पीठ आणि तिखट-मीठ मी मोजून, चिठ्ठ्या लावून, वरच्या फळीवर ठेवत आहे. दर महिन्याला बदलीन, जमेल तोवर. ह्यांना माझं मढं दाखवू नये. ताई गेली म्हणून ते हळहळतील, चांगल्या मनाचे आहेत. पण ताटावरून उठतील.

आणि जेवण झाल्यावर, पातेलं घासायच्या आधी, मोहितने त्या दिवसाचा शेरा लिहावा. तारीख घालावी. काय केलं, कसं झालं, त्यांनी किती खाल्लं. रडून अक्षर बिघडलं तरी चालेल, पण लिहावं. दुसऱ्या दिवशीही लिहावं. एखाद्या दिवशी ते खाणार नाहीत, तेही लिहावं, म्हणजे का ते शोधता येईल. ते जाईपर्यंत लिहावं.

कलम ८. ते विचारतील, "वैजू कुठंय?" रोज विचारतील. त्यांना खरं सांगायला कोणी जाऊ नये, भाऊजींनीही नाही. स्वयंपाकघरात आहे, येते, असं सांगावं आणि ताट आणावं. मी इतके दिवस तेच सांगत आले आणि ते कधी खोटं निघालं नाही.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी श्री. भिका सावळाराम गायकवाड यांना नेमते. ते दुर्बिणीवर ह्यांच्यासोबत होते आणि माझ्या हातची मासवडी चांगली की वाईट ते तोंडावर सांगत आले आहेत. वरील मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला. खाडाखोड एकाच ठिकाणी आहे, तिथे माझी सही आहे. दुसऱ्या पानावरचा डाग तेलाचा आहे. तो मजकुराचाच भाग समजावा.

ठिकाण: खोडद, ता. जुन्नर, जि. पुणे
दिनांक: १९ जानेवारी २०२५

(सही) वैजयंती रामनाथ औटी

सौ. औटी यांनी वरील मजकूर आम्हां दोघांना स्वयंपाकघरात बसवून मोठ्याने वाचून दाखवला आणि आमच्या देखत सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या. वाचताना मधे एकदा आतून हाक आली, तेव्हा त्या "आले" म्हणून उठून गेल्या आणि परत येऊन पुढे वाचलं. आम्ही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या करत आहोत.

साक्षीदार:
१. (सही) भिका सावळाराम गायकवाड, रा. खोडद
२. (सही) ठकूबाई आदेश गायकवाड, रा. खोडद